अर्ज भरण्याआधी एक टाचण

बारावीचा निकाल लागला की सणसर, बेलवाडी, लासुर्णे भागातले पालक हमखास विचारतात, "मुलीला डीएडला घालावं का? नोकरी लागेल का?" आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "इतिहास-भूगोलच तर शिकवायचाय, त्यात अवघड काय!" नोकरीची काळजी रास्तच आहे. पण दुसरं वाक्य मला अजिबात पटत नाही. सामाजिक शास्त्रं नीट शिकवणं हे फार कसाचं काम आहे, आणि ते पाठाचं टाचण लिहायला बसल्यावरच कळतं.

नव्या छात्राध्यापकाचं पहिलं टाचण बहुधा पुस्तकातल्या मजकुराची नक्कल असते. उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, 'विद्यार्थ्यांना कालव्याची माहिती देणे.' पण हे शिक्षकाचं काम झालं. मूल काय करू शकेल, हे त्यात कुठेच नाही. त्याऐवजी 'विद्यार्थी कालव्याचा मार्ग नकाशावर दाखवतो' किंवा 'शेवटच्या गावाला पाणी कमी का पोचते, याचे कारण सांगतो' असं लिहिलं, की पुढचा सगळा पाठ बदलतो. नकाशा लागतो, प्रश्न लागतात आणि शेवटी मुलाला ते जमलं का, हे तपासता येतं.

कालव्याचं उदाहरण मुद्दामच घेतलं. नीरा डावा कालवा सणसरच्या मुलांना रोज दिसतो. सहावी-सातवीच्या वर्गासाठी एवढ्या एका विषयात तिन्ही शास्त्रं येतात. इतिहास म्हणून पाहिलं, तर 1876-77च्या दुष्काळाच्या काळात या कालव्याचं काम सुरू झालं आणि 1880च्या दशकात पाणी वाहू लागलं. भूगोल म्हणून पाहिलं, तर पश्चिमेला सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि इंदापूर तालुका पर्जन्यछायेत कोरडा राहतो, म्हणून भाटघर-वीर धरणांकडचं पाणी उतार साधत पूर्वेकडे आणावं लागलं. आणि नागरिकशास्त्र? आवर्तन कधी सुटणार, आधी कोणाच्या चारीला पाणी, टेलच्या म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याने दाद कुठे मागायची, पाणी वापर संस्था कशासाठी? सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांना वाटा देणारा कायदा राज्यात 2005 साली झाला. ज्या मुलाचे वडील रात्री भरणं करायला जातात, त्याला हा धडा पाठ करावा लागत नाही.

आता हे सगळं पस्तीस मिनिटांत कसं बसवायचं? इथेच नियोजनाचा कस लागतो. प्रस्तावनेला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नये. 'सांगा बरं, आज आपण काय शिकणार?' असं विचारत मुलांकडून पाठाचं नाव वदवून घेण्याची सवय वाईट. 'कालवा नसता तर तुमच्या रानात काय पिकलं असतं?' या एका प्रश्नावर वर्ग बोलता होतो. त्यानंतर हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगणं, मग विवेचन. विवेचनात दोनच मुद्दे घ्यावेत, तिसरा उद्यासाठी ठेवावा. फळ्यावर काय आणि कुठे लिहायचं, हे टाचणातच आखून ठेवावं. संकलनाची पाच मिनिटं मात्र कोणत्याही कारणाने सोडू नयेत, कारण मुलांना कळलं की नाही हे तिथेच समजतं. मनात धरलेलं उत्तर मुलांनी दिलं नाही तर पुढे काय विचारायचं, हेही लिहून ठेवावं. नवखा शिक्षक नेमका याच ठिकाणी अडतो.

हंगामात साखर कारखान्याच्या परिसरातल्या शाळांत ऊसतोड कुटुंबांची मुलंही येतात. त्यांच्या गावाकडे कालवा नसेलही. मग तिथे पाणी कुठून आणतात, हे त्यांनाच सांगू द्यावं. चांगल्या टाचणात अशा मुलासाठी एक प्रश्न राखून ठेवलेला असतो.

आता पालकांच्या काळजीकडे वळू. बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड, म्हणजे पूर्वीचं डीएड, करता येतं; त्यासाठी खुल्या गटाला निदान 49.5 टक्के गुण लागतात. पदवीनंतर सीईटी देऊन बीएड, तेही दोन वर्षांचं. त्यात 20 आठवडे शाळेत काढावे लागतात आणि खरं शिक्षण मिळतं ते त्याच काळात. पुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीसाठीच्या दुसऱ्या पेपरात 150 पैकी 60 गुणांना सामाजिक शास्त्रांचा पर्याय आहे. पहिला पेपर पहिली ते पाचवीचा. त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. ही चाचणी 2017, 2023 आणि 2025 अशी तीनदाच झाली. म्हणजे पात्रता मिळाली की लगेच नियुक्ती, असं गणित मांडू नका. मधल्या काळात पदवी पूर्ण करणं, शिकवण्या घेणं किंवा स्पर्धा परीक्षा देणं यांपैकी काहीतरी हाताशी ठेवावं. आणि 'अमुक लाख भरा, जागा पक्की' असं कोणी सांगितलं, तर एक रुपयाही देऊ नका.

अर्ज भरण्यापूर्वी एक करा. मुलीला किंवा मुलाला आपल्याच गावातला एक विषय द्या: कालवा, ग्रामसभा, नाहीतर सणसरला मुक्कामी येणारी तुकाराम महाराजांची पालखी. त्यावर एक टाचण लिहू द्या आणि शेजारची पाच-सहा मुलं बसवून शिकवू द्या. तुम्ही मागे बसून ऐका, मध्ये बोलू नका. पाठ फसला तरी ते टाचण दुरुस्त करून पुन्हा शिकवायचा हट्ट मुलीने किंवा मुलाने धरला, तर निर्धास्तपणे अर्ज भरा.