सावंगीच्या खोलीत फळी नको

आर्वी, जि. वर्धा

चि. सोनू यास,


आमच्या बैठकीत उघड्या फळीवरच्या स्पीकरवर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकून गेलास, अन् आता सावंगीच्या दहा बाय दहाच्या खोलीत तसलीच जोडी करायची म्हणतोस. करू नकोस. तुला लहान बंद पेटीच हवी. का, ते सविस्तर लिहितो, नाहीतर मामा उगाच मोडता घालतो म्हणशील.

स्पीकरचा कोन पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. म्हणजे आवाज दोन्हीकडून निघतो, पण एकमेकांच्या उलटा. पेटी मागचा आवाज कोंडून ठेवते. फळी त्याला नुसता वळसा घालायला लावते. वरच्या स्वरांच्या लहरी आखूड, त्यांना फळी पुरते. १०० हर्ट्झची लहर मात्र जवळपास साडेतीन मीटर लांब. ती दोन फुटी फळीला जुमानत नाही, मागून पुढे येते अन् पुढच्या आवाजाला खाऊन टाकते. एवढ्या फळीवर साधारण २०० हर्ट्झच्या खाली गळती लागते अन् दर सप्तकाला ६ डेसिबलने वाढत जाते. पटत नसेल तर एखादा सुटा स्पीकर हातात धरून वाजव; डबीत कोंडलेल्या माशीसारखा गुणगुणेल. मग मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या मापाचं भोक पाडून त्यावर दाबून धर. आवाज तिथल्या तिथे भरतो.

आता हे गाण्यात कुठे लागतं ते बघ. काळी एकचा षड्ज १३८ हर्ट्झच्या जवळ, त्याचा खर्ज ६९. तरी फळीवर तंबोरा उणा वाटत नाही, कारण जवारीमुळे त्याचा सगळा जीव वरच्या स्वरांशांत असतो अन् खालचा स्वर कान आपणच जुळवून घेतो. मार बसतो तो डग्ग्याला. त्याचा घुमारा शाबूत राहावा म्हणून माझ्या फळीवर पंधरा इंची वूफर आहेत. ते तुझ्या खोलीत ठेवलेस तर पलंग बाहेर काढावा लागेल.

मग माझ्याकडे एवढं मोकळं का वाटलं? एक तर तिथे थरथरायला पेटीच नाही. दुसरं, फळीच्या दोन्ही बाजूंना पुढचा-मागचा आवाज एकमेकांना मारतो, त्यामुळे बाजूच्या भिंतींवर फारसं काही आदळत नाही. अन् तिसरी गोष्ट तू बघितलीच नाहीस: फळी भिंतीपासून चांगली चार फूट पुढे आहे. मागचा आवाज भिंतीवरून परतेपर्यंत कानाला स्वर कळलेला असतो. शिवाय लांबलचक खोली, मातीच्या भिंती अन् वर कवेलू. तुझ्याकडे फळी भिंतीला टेकणार, फरशी अन् स्लॅबवरून सगळं लगेच परत येणार, अन् ताना गिचमिड होणार. शेजारची मुलं परीक्षेच्या दिवसांत काय म्हणतील ते वेगळंच.

ही मोकळ्या आवाजाची गोष्ट काही नवी नाही. ठाण्याच्या कारखान्यातले मर्फी रेडिओ आठव. व्हॉल्व्ह तापतात म्हणून त्यांची पाठ भोकाभोकांची. त्या काळी घरोघरी विविध भारती ऐकली गेली ती अशाच उघड्या पाठीच्या स्पीकरवर. पुढे लिंकविट्झसारख्या पट्टीच्या इंजिनिअरनेही अशा स्पीकरचा ध्यास घेतला, पण खालच्या स्वरांसाठी मोठे वूफर अन् इलेक्ट्रॉनिक भरपाई त्यालाही चुकली नाही. उलट बीबीसीने १९७० च्या दशकात ‘एलएस ३/५ए’ नावाची जेमतेम पाच लिटरची बंद पेटी केली ती बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीसाठी, जिथे माणूस स्पीकरच्या पुढ्यात हातभर अंतरावर बसतो. तुझी खोली त्या गाडीच्याच जातीची. खर्ज त्या पेटीतही पुरता येत नाही, पण माणसाचा गळा इतका खरा ऐकू येतो की लोक अजून तिच्यामागे आहेत.

‘डबा आवाज’ म्हणून तू ज्याला नाकं मुरडतोस तो पातळ पत्र्यासारख्या पेटीचा दोष. १८ मिलिमीटरचं प्लाय घे, आत एक आडवी पट्टी लाव, सांधे फेव्हिकॉलने बुजव अन् बोटाने ठोकून बघ. टक् असा कोरडा आवाज आला पाहिजे. आत भरायला फोम शोधत नागपूरला जाऊ नकोस. कापसाच्या जिल्ह्यात राहतोस, पिंजलेला कापूस हाताने मोकळा करून सैलसर भर. दाबून ठासलास तर पेटी आणखी लहान केल्यासारखं होईल. एवढंच, की उंदराला शिरायला फट ठेवू नकोस.

अन् एप्रिल ते जून कुठलाही स्पीकर बरा की वाईट हे ठरवू नकोस. कूलरच्या घरघरीत तंबोरा कुणाचाच ऐकू येत नाही.

वूफर घेण्याआधी त्याच्या कागदाचा फोटो पाठव. त्यावर ‘क्यूटीएस’ आकडा असतो. तो ०.७ च्या वर असेल तर माल फळीचा, दुकानदाराने कितीही गळ घातली तरी सोड. ०.४ च्या आसपास असेल तर पाच इंचीला सात-आठ लिटरची पेटी धरून मी प्लाय कापून ठेवतो. पोळ्याला आलास की जोडू. स्क्रू अन् ड्रिल आहे. सोल्डरिंग गन तेवढी तुझी आण.

तुझा,
मामा