प्रकाशाची पांढरी



शेतजमिनीला आपल्याकडे काळी म्हणतात आणि गाव वसलेल्या जागेला पांढरी. शेताची माती काळी असते हे आपण रोज बघतो. पण गावठाणाची माती पांढुरकी का? मला हे कोडे होते. ते प्रकाशाला गेल्यावर सुटले.

प्रकाशा हे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले, शहादे तालुक्यातले गाव. येथे गोमाई नदी तापीला मिळते. लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. आजीला केदारेश्वराचे दर्शन घ्यायचे होते, म्हणून आम्ही घरची सगळी एस.टी.ने गेलो. तापीचा पूल ओलांडला की गाव येते. दर्शन झाल्यावर मी बाबांना म्हटले, "गुरुजींनी सांगितलेलं जुनं टेकाड बघू या ना!" मग आम्ही तिकडे गेलो.

लांबून ते साधे मातीचे टेकाड दिसते. जवळ गेल्यावर मात्र पावसाने कापलेल्या कडेला मातीचे पट्टे दिसतात. एक राखाडी, एक पिवळसर, मध्येच काळपट. त्यांतून खापराचे तुकडे डोकावतात. आजी म्हणाली, "अशी माती घर सारवायला फार चांगली." बाबा म्हणाले, "शेतात टाकली तर पीकही जोमदार येतं." मी विचारले, "का बरं?" बाबा म्हणाले, "अगं, ही माती नुसती माती नाही. यात चुलीची राख आहे, शेण आहे, हाडं आहेत, पडक्या भिंती आहेत. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेव्हा ही तयार झाली."

माझे कोडे सुटले ते असे. घर पडते, त्याच मातीवर दुसरे घर उभे राहते. राख, शेण, केरकचरा तिथेच मुरतो. शेकडो वर्षांत जमीन वर चढते आणि तिचे टेकाड होते. सर्वांत जुने ते तळाशी, नवे ते माथ्याशी. म्हणून असे टेकाड म्हणजे एक पुस्तकच. पण त्याचे पहिले पान सर्वांत खाली असते.

हे पुस्तक १९५५ साली वाचले गेले. भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले. त्या वेळी नंदुरबार जिल्हा नव्हता. हा भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. थापरांना येथे वस्तीचे चार काळ आढळले.

पहिला काळ सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचा. तेव्हा लोखंड माहीत नव्हते. लोक थोडे तांबे वापरत आणि गारेसारख्या दगडाची बारीक धारदार पाती करत. पुढे ही वस्ती उठली व कित्येक शतके जागा ओस राहिली. दुसऱ्या काळात माणसे परत आली, ती लोखंड घेऊन. तिसरा काळ सातवाहनांच्या वेळेपासून पुढचा, आणि चौथा इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंतचा.

येथे सोन्याचे हंडे सापडले नाहीत. मुख्यतः सापडली ती खापरे. पण खापर काय काय सांगते ते पाहा. पहिल्या काळाच्या थरांत माळव्यात होणाऱ्या भांड्यांसारखी भांडी मिळाली. गुजरातेतल्यासारखी चकचकीत तांबडी भांडीही मिळाली. आणि तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली, वाजवली की खणखणणारी जोर्वे भांडी मिळाली. जोर्वे हे प्रवरा नदीकाठचे संगमनेरजवळचे गाव. उत्तरेला सातपुडा ओलांडून माळवा, पश्चिमेला तापीच्या काठाने गुजरात, दक्षिणेला गोदावरी-प्रवरेचे खोरे. तीन दिशांच्या वाटा आपल्या जिल्ह्यात एकत्र येत होत्या. कोणत्या राजाने हे लिहून ठेवलेले नाही. हे कुंभाराने सांगितले!

गुरुजींनी वर्गात चीन देशातल्या बानपो गावाचीही माहिती दिली होती. तेही नदीकाठी, शिआन शहराजवळ आहे. तेथले उत्खनन १९५४ ते १९५७ या वर्षांत झाले, म्हणजे प्रकाशाच्याच सुमारास. बानपो सहा हजार वर्षांहून जुने आहे. तेथे गावाभोवती खंदक होता, लोक राळा पिकवत आणि तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाने मासे काढत. लहान मूल वारले तर त्याला मडक्यात ठेवून घराजवळच पुरत. आपल्या महाराष्ट्रातही पुणे जिल्ह्यात इनामगावला, जोर्वे भांडी वापरणाऱ्या लोकांनी, लहान मुलांना मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळले. या दोन गावांची एकमेकांशी काही ओळख नव्हती. घरी हे सांगितले तेव्हा आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लेकरू दूर जाऊ नये, असं वाटलं असेल त्या माउलीला."

बानपोला १९५८ साली संग्रहालय उघडले. उत्खननातल्या घरांवर मोठे छप्पर घातले आणि घरे जागच्या जागी राखली. जागच्या जागी, हे महत्त्वाचे आहे. खापर आपल्या थरात असेल तरच ते बोलते. उचलून खिशात घातले की मुके होते. मग ते ३,७०० वर्षांचे की मागच्या वर्षीचे, ते ओळखणे अवघड.

आपल्याकडे अनेक ठिकाणी पांढरीची माती शेतात टाकायला नि घरे सारवायला नेतात. एक गाडी माती नेली की पुस्तकाची काही पाने गेली. शेताला खत दुसरे मिळेल, पण ही पाने पुन्हा लिहिता येणार नाहीत.

म्हणून आपण एवढे करू :

१. जुन्या टेकाडाची माती खणायची नाही, खणू द्यायची नाही.
२. खापर, मणी, दगडी पाते दिसले तर तिथेच राहू द्यायचे व गुरुजींना सांगायचे.
३. घर बांधताना किंवा नांगरताना जुनी नाणी वा दागिने निघाले तर ते लपवायचे नाहीत. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ सालचा कायदा आहे.

सांगा पाहू :

१. टेकाडातला सर्वांत जुना थर कोठे असतो? का?
२. माळव्यातल्यासारखी भांडी प्रकाशाला सापडली, यावरून काय कळते?
३. तुमच्या गावाची पांढरी कोठे आहे? आजी-आजोबांना विचारून लिहून आणा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी