शपथेच्या आधी डॉक्टर



“फादर, यांना दारू सोडण्याची शपथ द्या,” असे म्हणत भगिनी पतीला वेदीपुढे आणतात. मी आधी डॉक्टरांकडे पाठवतो. काहींना राग येतो. पण रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर हात कापतात, भ्रम होतो, फिट येते. जीवही जाऊ शकतो. व्यसन हा आजार आहे. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ गट आहे. घरही खचलेले असते ना!

शपथेला मी कमी लेखत नाही. डब्लिनचे मजूर मॅट टॅलबट यांनी १८८४ मध्ये पहिली शपथ फक्त तीन महिन्यांची घेतली. पुढे ती वाढवत नेली आणि १९२५ मध्ये मरेपर्यंत पाळली.

शपथ मोडलेले काही बांधव लाजेने मिस्साला येत नाहीत. त्यांनी यावे. मिस्सानंतर मी ऑफिसात थांबतो.