हंगाम दोन महिन्यांचा, बेगमी वर्षाची

चैत्र सरत आला की कोकणातील आंब्याच्या बागांत धांदल सुरू होते. झेल्याने एकेक फळ उतरवले जाते, वजन, रंग आणि डाग पाहून त्याची प्रतवारी होते, पेट्या भरल्या जातात आणि रातोरात वाशीच्या बाजाराकडे रवाना होतात. या पेट्यांची चर्चा सर्वत्र होते. परंतु पेटीत न बसलेल्या फळाचे पुढे काय होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वळवाच्या एका वादळात टोपल्यांनी कैऱ्या गळतात. उतरवताना काही फळे आपटतात, काहींना डाग पडतात. बांधावरच्या आणि परसातल्या रायवळ झाडांखाली तर सकाळ-संध्याकाळ सडा पडलेला असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात उरलासुरला माल कॅनिंगसाठी किलोवर विकला जातो, आणि त्यातूनही उरलेला पहिल्या पावसात मातीला मिळतो.

ज्या फळाला बाजारात भाव नाही, त्याला घरात मात्र निश्चित मोल आहे. लोणचे, साखरांबा, आंबोशी, आंबापोळी, बाटलीत भरलेला रस हे सारे पदार्थ म्हणजे केवळ जिभेचे चोचले नव्हेत. दोन महिन्यांत येणारे पीक बारा महिने पुरविण्याची ती व्यवस्था होय. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या गृहिणींच्या हाताच्या अंदाजावर चालत आली. तो अंदाज ज्या शास्त्रावर उभा आहे ते समजून घेतले आणि मापात बांधले, तर एका घरातील कसब साऱ्या गावाचे होऊ शकते.

मूळ प्रश्न पाण्याचा

पिकलेल्या आंब्याच्या गरात पाच भागांपैकी चार भागांहून किंचित अधिक पाणीच असते. उरलेल्या भागात मुख्यत्वे साखर, आणि थोड्या प्रमाणात आम्ल, तंतू व इतर द्रव्ये असतात. पाणी आणि साखर जिथे एकत्र, तिथे बुरशी व किण्व यांना आयतेच निमंत्रण मिळते. म्हणूनच सकाळी काढलेला रस उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबू लागतो.

टिकाऊ पदार्थांच्या साऱ्या पाककृती या एका प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरे आहेत. पाणी उन्हात उडवून लावले की आंबोशी आणि आंबापोळी होते. मिठाने ते बांधून ठेवले की लोणचे होते. साखरेने किंवा गुळाने बांधले की साखरांबा आणि गुळांबा होतो. पाणी तसेच ठेवून उष्णतेने जंतूंचा नाश केला आणि हवा बंद केली की बाटलीतला रस टिकतो. यांपैकी कोणताही उपाय अर्धवट राहिला, तर बरणी बिघडते, आणि तिच्याबरोबर फळ, तेल, साखर व घरच्या स्त्रीचे चार दिवसांचे श्रम वाया जातात.

कैरीचा उपयोग

गळलेली कैरी त्याच दिवशी वापरावी. आपटल्यामुळे मऊ झालेला भाग कापून टाकावा, उरलेला कामी येतो. कैरीचा चीक त्वचेला दाह करतो. म्हणून फळे आधी पाण्यात बुडवून ठेवावीत, देठाकडील भाग कापून चीक निथळू द्यावा आणि मगच साल काढावी. आंबट पदार्थासाठी काच, चिनी माती किंवा पोलादाची भांडी वापरावीत. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आम्लाची धातूशी क्रिया होऊन पदार्थ कळकतो.

लोणच्यात मिठाला चवीपेक्षा मोठे काम असते. ते फोडींतले पाणी ओढून घेते आणि जंतूंना वाढू देत नाही. १ किलो फोडींना सुमारे २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ते १०० ग्रॅम तिखट, २५ ग्रॅम हळद, १० ते १५ ग्रॅम मेथी, तितकाच हिंग आणि २५० ते ३०० ग्रॅम तेल हे प्रमाण धरावे. धुतलेली कैरी कापण्यापूर्वी कोरडी पुसलेली असावी. तेल कडकडीत तापवून पूर्ण निवाल्यावरच घालावे, आणि बरणीत फोडींच्या वर बोटभर तेल राहील असे पाहावे. तेलाचा हा थर हवेला अडवतो. आरोग्याच्या विचाराने मीठ कमी करायचे असल्यास ते लोणचे थोडे घालावे, शीतकपाटात ठेवावे आणि लवकर संपवावे. कमी मिठाचे लोणचे वर्षभर टिकेल अशी अपेक्षा धरू नये.

साखरांब्यासाठी १ किलो किसाला दीड किलो साखर लागते. कीस आधी थोड्या तुपावर किंवा वाफेवर मऊ करून घ्यावा. कच्चा कीस थेट पाकात टाकल्यास तो आक्रसून चिवट होतो. पाक एकतारीच्या थोडा पुढे गेला, आणि थंड बशीवर टाकलेला थेंब पसरेनासा झाला, की पातेले उतरवावे. तयार पदार्थात साखर व इतर विद्राव्य घटक मिळून ६५ ते ६८ टक्के भरले की तो टिकतो. पाक सैल राहिला तर बुरशी येते. कैरीतील आम्लामुळे साखरेचा काही अंश विघटित होतो, म्हणून कैरीचा साखरांबा सहसा खडे धरत नाही. पिकल्या आंब्याचा मुरंबा करताना हे आम्ल कमी पडते. तेव्हा लिंबाचा रस घालण्याची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. गुळांबा याच रीतीने होतो. मात्र गूळ हवेतील ओल ओढतो, म्हणून पावसाळ्यात त्याची बरणी घट्ट बंद असावी.

आंबोशीला तर मीठ आणि ऊन याखेरीज काही लागत नाही. मीठ लावलेल्या फोडी खडखडीत वाळेपर्यंत उन्हात ठेवल्या की पावसाळ्यात आमटीच्या आंबटपणाची सोय होते. चैत्रातील हळदीकुंकवाचे पन्हे आणि आंबेडाळ ही त्या त्या दिवसाची खाणी. परंतु उकडलेल्या कैरीच्या १ वाटी गराला २ वाट्या साखर घालून शिजविलेला घट्ट गर शीतकपाटात ठेवल्यास पाहुण्याला आयत्या वेळी पन्हे देता येते.

पक्व फळाची परीक्षा

पक्व फळासाठी ते आधी नीट पिकावे लागते. पेंढ्याच्या अढीत आठ-बारा दिवसांत फळ एकसारखे पिकते. कॅल्शियम कार्बाइडने पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात, आणि अशा फळाला वरून रंग आला तरी आत गोडी व सुवास येत नाही. हापूसमध्ये पुष्कळदा साका आढळतो, म्हणजे गराचा काही भाग पांढुरका, स्पंजासारखा आणि बेचव होतो. बाहेरून तो ओळखू येत नाही. म्हणून साठवणीच्या रसासाठी प्रत्येक फळ कापून पाहावे. चार-पाच साकेदार फळे सगळ्या पातेल्याची चव बिघडवतात.

रस बाटलीत भरण्याच्या कृतीत सर्वांत अधिक दक्षता हवी. पिकत जाताना फळाचे आम्ल कमी होते. पुरेसे आम्ल नसलेला रस हवाबंद केला, तर त्यात प्राणघातक विष निर्माण करणारे जंतू वाढण्याचा संभव असतो, आणि ते विष वासाने वा चवीने कळेलच असे नाही. यासाठी अतिपक्व फळे बाजूला काढून लगेच खावीत. साठवणीच्या दर किलो रसात ४ ते ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे बाजारात मिळणारे लिंबूसत्त्व, वजन करून घालावे. रस ढवळत ढवळत उकळी येईपर्यंत तापवावा. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत तो गरमच, वर थोडी जागा सोडून भरावा आणि झाकण लावावे. मग तळाशी फडके घातलेल्या पातेल्यात या बाटल्या पाण्यात बुडवून, अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३० मिनिटे, उकळत ठेवाव्यात. पुढे कधीही झाकण फुगलेले दिसले, किंवा उघडताना फेस आला, तर चवही न घेता ती बाटली टाकून द्यावी.

रायवळ आंब्याचे खरे सोने आंबापोळीत होते. गाळलेल्या रसात चवीपुरती साखर घालून, तूप लावलेल्या ताटात तो पातळ पसरावा आणि कडक उन्हात वाळवावा. वरचा थर सुकला की दुसरा थर द्यावा. ताटावर मलमलीचे फडके बांधल्यास माशा आणि धूळ दूर राहतात. थर जाड दिला तर वरून सुकतो, आत ओल राहते, आणि श्रावणात पोळीला बुरशी येते. हे काम मृगाच्या पावसापूर्वी आटोपावे लागते, म्हणून मेचा शेवटचा आठवडा कोकणातल्या घरांत घाईचा असतो. तंतुमय, आंबटगोड रायवळ फळांचे सासवही होते. मोहरी, खोबरे आणि गूळ घालून केलेला हा पदार्थ भाताबरोबर खाल्ला जातो.

भाजणे आणि उकडणे

आंब्याचा केक हा शहरी बेकरीचा पदार्थ मानला जातो. परंतु कोकण-गोव्यात खाली-वर निखारे ठेवून काकडीचे धोंडस भाजण्याची रीत जुनीच आहे. भट्टी नसतानाही भाजणी होते, हे त्या स्वयंपाकघरांना केव्हाच ठाऊक होते.

येथेही प्रश्न पाण्याचाच. ताजा रस पिठात जसाच्या तसा ओतला, तर केक मधोमध बसतो आणि चिकट राहतो. म्हणून दीड वाटी रस मंद आचेवर आटवून १ वाटी करावा आणि निवू द्यावा. २ वाट्या बारीक रवा, सव्वा वाटी साखर, अर्धी वाटी पातळ तूप आणि १ वाटी थंड दूध एकत्र करून त्यात हा रस मिसळावा आणि अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे रवा फुगतो. दूध गरम असल्यास आंब्याच्या आम्लाने ते फाटते. भाजण्याच्या वेळीच दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा. सोड्याची आंब्याच्या आम्लाशी क्रिया होऊन वायू सुटतो व केक हलका होतो. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर दहा मिनिटे तापवून, त्यावर तूप लावलेला डबा ठेवून झाकावे आणि मध्यम आचेवर ४५ ते ५० मिनिटे भाजावे. विद्युत भट्टीत १८० अंश सेल्सिअसला ४० ते ४५ मिनिटे पुरतात. मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघाली की केक झाला.

वाफेवरचे सांदण त्याहून सोपे. तांदळाचा रवा, आमरस, गूळ आणि नारळाचे दूध यांचे सरबरीत मिश्रण भिजवून वाट्यांत १५ ते २० मिनिटे उकडले की मऊ, सुवासिक सांदण तयार होते. शाळेतील मुलांच्या डब्यासाठी हा उत्तम पदार्थ आहे.

संशोधनाची जोड

प्रत्येक फळ प्रत्येक कामाचे नसते, याची जाण संशोधकांनीही ठेवली आहे. दापोली येथे १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना ही जात पुढे आली; साक्यापासून मुक्त असल्याने ती गरासाठी भरवशाची ठरली. लोणच्यासाठी कोंकण रुची ही स्वतंत्र जात विकसित करण्यात आली. २०१६ मध्ये मराठवाडा केसर आणि २०१८ मध्ये कोकण हापूस यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने अस्सल फळाचे नाव राखले जाते. डागी आणि रायवळ फळाचे मोल राखण्याचे काम मात्र घराघरांतच व्हावयाचे आहे.

गावाने काय करावे

या कामी ग्रामपंचायत, शाळा आणि महिला बचत गट या तिघांनाही वाटा उचलता येईल. पंचायतीने मे महिन्यापूर्वी समाजमंदिरात एक वजनकाटा, स्वच्छ पाण्याची सोय आणि वाळवणासाठी जाळीची चौकट उपलब्ध करून दिली, तर प्रत्येक घराला वेगळा खर्च पडत नाही. बचत गटाने विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करून घ्यावी, आणि प्रत्येक बरणीवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख व नोंदणी क्रमांक लिहावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत अशा लहान उद्योगांच्या यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. सध्या लागू असलेल्या योजनांची माहिती तालुका कृषी कार्यालयातून घ्यावी.

शिक्षकांसाठी तर आंबापोळी हा तयार पाठच आहे. मुलांनी १ किलो रस तोलून घ्यावा, साखर न घालता तो वाळवावा आणि पोळी पुन्हा तोलावी. सुमारे २०० ते २५० ग्रॅम वजन भरेल. नाहीसे झालेले पाऊण किलोहून अधिक वजन कोठे गेले, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील; आणि त्याच्या उत्तरात बाष्पीभवन, टक्केवारी आणि अन्न टिकविण्याचे तत्त्व एकत्रच समजेल. त्याबरोबर त्यांनी घरातील आजीला एक विनंती करावी. लोणचे घालताना तिची मूठभर मोहरी आणि ओंजळभर मीठ आधी काट्यावर ठेवावे, आणि ते आकडे वहीत उतरवून घ्यावेत.

आजीच्या ओंजळीचे माप तिच्याबरोबरच जाते. वहीतले माप मागे राहते. पुढल्या चैत्रात पहिली कैरी गळेल, तेव्हा ती उचलणाऱ्या हातांजवळ हे माप असावे, इतकी तयारी प्रत्येक गावाला करता येण्याजोगी आहे.