एक नाव, दोन माणसे

समजा, तुमच्या शाळेतील वीस संगणक एका जाळ्याने जोडलेले आहेत आणि सर्वांना मिळून ‘विद्यार्थी’ हे एकच खाते आहे. एके दिवशी कोणाचा तरी महिनाभर खपून केलेला प्रकल्प पुसला गेलेला आढळतो. कोणी पुसला? संगणकाच्या नोंदीत उत्तर मिळते : ‘विद्यार्थी’ने! त्या वेळी तर त्या नावाने पाच जण काम करीत होते.

संगणक माणसाला ओळखत नाही. नाव आणि परवलीचा शब्द जुळला की तो दार उघडतो. मग एका नावाने एका वेळी एकालाच प्रवेश मिळावा, यासाठी काय करावे?

उपाय सोपा वाटतो. आत आलेल्यांची नोंदवही ठेवायची. नाव आधीच लिहिलेले असेल तर प्रवेश नाही. नसेल तर नाव लिहून आत घ्यायचे आणि जाताना ते खोडायचे. लिनक्स प्रणालीत ‘मॅक्सलॉगिन्स’ ही मर्यादा १ ठेवून असे करता येते. पण ही मोजणी त्या एका संगणकापुरतीच असते. शेजारच्या संगणकाला तिचा पत्ता नसतो. म्हणून जाळ्यासाठी वही एकच हवी आणि ती मुख्य संगणकाजवळ, म्हणजे सर्व्हरजवळ हवी.

आता दोन अडचणी पाहा. दोघांनी एकाच क्षणी विचारले तर? दोघांसाठीही वही कोरीच दिसेल आणि दोघेही आत जातील! म्हणून वही पाहणे आणि नाव लिहिणे या क्रिया मध्ये कोणालाही शिरू न देता एकदमच उरकाव्या लागतात. दुसरी अडचण : मध्येच वीज गेली तर नाव खोडायचे राहून जाते आणि खऱ्या मालकालाच दार बंद! त्यासाठी प्रत्येक संगणकाने थोड्या थोड्या वेळाने ‘मी आहे’ असे कळवायचे. निरोप येईनासा झाला की सर्व्हर ते नाव खोडतो.

तरीही एक उणीव उरतेच. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत अनेक जण एक संगणक वाटून घेत. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळे. अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून मिळवली! अशा वेळी वही काय करणार? आत एकच जण आहे, एवढेच ती सांगते. तो कोण, हे सांगत नाही.

तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र खाते हवे आणि परवलीचा शब्द जिवलग मित्रालाही सांगू नये. तुमच्या शाळेत काय व्यवस्था आहे? शिक्षकांना विचारून पाहा.