सायकल सहलीचे शेवटचे तीन दिवस: तुळजापूर ते नांदेड

लांब पल्ल्याची सायकल सहल नांदेडला संपवायची असेल, तर शेवटचे तीन मुक्काम असे पाडा: तुळजापूरहून लातूर, लातूरहून अहमदपूर आणि अहमदपूरहून नांदेड. सगळा रस्ता एकच, ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. अंतर दोनशे किलोमीटरहून थोडंच जास्त आहे. आठ-दहा दिवस सायकल मारून तयार झालेला गट ते दोन दिवसांत सहज काढेल, पण काढू देऊ नका. घाटात आणि उन्हात एकमेकांना धरून राहिलेला गट घर जवळ आल्यावर फुटतो. कुणाचं रात्रीच्या गाडीचं तिकीट असतं, कुणाची रजा संपत आलेली असते, कुणाचा गुडघा धरलेला असतो आणि तो सांगत नसतो. मग पुढचे सुसाट निघतात आणि मागे एकटादुकटा उरतो. बाबा आमट्यांचं भारत जोडो अभियान डिसेंबर १९८५मध्ये सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालं, त्यात शंभराहून जास्त तरुण-तरुणी होते. गटाने निघालेल्यांनी गटानेच पोचायचं, एवढा एकच नियम शेवटच्या तीन दिवसांत पाळायचा आहे. खालची सगळी कृती त्यासाठीच.

तारीख ठरवताना पंचांग बघा. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडे येळवस असते. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जातं, बाजारपेठ ओस पडते, रस्त्यावरची हॉटेलंही बहुतेक बंद असतात. जेवणाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवा. एखाद्या शेतातून हाक आली तर मात्र थांबा. भज्जी, आंबील आणि उंडे खाल्ल्याशिवाय तुम्हाला कोणी सोडणार नाही. त्याच सुमाराला लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. माळेगाव या महामार्गावरच आहे, त्यामुळे जनावरांचे टेम्पो, जीपगाड्या आणि पायी माणसं यांची एवढी दाटी होते की सायकलींची रांग त्यात टिकत नाही. यात्रेचे दिवस टाळा. दसरा, दिवाळी आणि होला मोहल्ला या दिवसांत नांदेडला गुरुद्वाऱ्याचे यात्री निवास भरलेले असतात, हेही आधी लक्षात घ्या.

पहिला दिवस, तुळजापूर ते लातूर. या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. औसा तालुक्यातल्या उजनीला बासुंदी मिळते, तिथे सगळ्यांनी एकत्र थांबा. दुपारी लवकर लातूर गाठा, कारण खरं काम तिथेच आहे.

लातूरची संध्याकाळ सायकलींसाठी राखून ठेवा. गंजगोलाईतले सोळा रस्ते बघायला नंतर जा. पुढे अहमदपूर आणि लोह्यात साध्या सायकलची ट्यूब, ग्रीस, पाने मिळतील. गिअरच्या सायकलचे ब्रेक पॅड, गिअरची वायर, चेनचा जोड मिळेल असं धरून चालू नका. जे घ्यायचं ते लातुरातच घ्या. प्रत्येकाने आपली सायकल उलटी करून चाक फिरवून बघायचं आणि जोडीदाराने तीच सायकल पुन्हा तपासायची. इतक्या दिवसांनी स्वतःच्या सायकलचा खडखडाट स्वतःच्या कानाला लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ टायरला द्या. मराठवाड्यात बाभळीचा काटा आणि सराटा हे दोन शत्रू. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरल्यावर मोडतो. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र सुईच्या अग्रासारखं टोक उभं असतं. पंक्चर काढून नवी ट्यूब घातली की तेच टोक दहा किलोमीटरवर तिला पुन्हा भोक पाडतं. म्हणून टायर पूर्ण काढा, बोटाला जाडसर फडकं गुंडाळा आणि आतून गोल फिरवा. जिथे फडक्याचा धागा अडकेल तिथे टायर उलटा वाकवा. टोक वर येतं, ते चिमट्याने ओढून काढा. हाताने उपटायला गेलात तर ते आणखी आत मोडतं. रात्रीच्या मुक्कामावर सायकली बांधाच्या कडेला, झुडपात किंवा गवतात आडव्या टाकू नका. निम्मे काटे तिथेच लागतात.

दुसरा दिवस, लातूर ते अहमदपूर. चाकूर आणि शिरूर ताजबंद मागे टाकत साधारण पासष्ट किलोमीटर. हिवाळ्यात इकडे वारा बहुधा पूर्वेकडून असतो आणि तुम्ही ईशान्येला चाललेले असता, म्हणजे वारा तोंडावर. दिवस वर चढेल तसा तो वाढतो. उजाडताना निघा आणि मोठा टप्पा न्याहारीच्या आधी संपवा. न्याहारीला सुशीला किंवा दही-धपाटे घ्या, ते पोटाला जड होत नाहीत. पाण्यात मीठ-साखर सगळ्यांच्या बाटलीत हवी. थंडीत घाम दिसत नाही, पण पायाला गोळे येतात.

ऊसतोडणीच्या हंगामात रस्त्यावर खरा धोका ट्रॅक्टरचा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, उसाची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली असतात आणि मागे दिवा असेलच असं नाही. वळणावर मागची ट्रॉली आत येते. ट्रॉलीला धरून फुकट ओढत जाण्याचा मोह थकलेल्या पोरांना हमखास होतो. त्याला सरळ बंदी घाला. ट्रॅक्टर ओलांडायचा तर एकेकाने, समोरचा रस्ता मोकळा बघून, उजवीकडून. अंधार पडल्यावर या रस्त्यावर सायकल मारायचीच नाही. उशीर झाला तर आहे तिथे थांबा आणि मागून येणाऱ्या मदतीच्या गाडीत सायकली चढवा.

तिसऱ्या दिवशी क्रम उलटा करा. अहमदपूर ते लोहा हा बालाघाटाचा चढउतार आहे, पुढे सोनखेडवरून रस्ता गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो. या दिवशी सगळ्यात दमलेला माणूस पुढे ठेवा आणि सगळ्यात जोमाचा शेपटाला. पुढच्याला कोणी ओलांडायचं नाही. टूर द फ्रान्ससारख्या चुरशीच्या शर्यतीतही शेवटच्या टप्प्यात आघाडीवरच्या पिवळ्या जर्सीवाल्याला गाठायचा प्रयत्न सहसा कोणी करत नाही. शर्यत संपायच्या शहरापर्यंत सगळे गप्पा मारत जातात. उतारावर दोन सायकलींत निदान चार-पाच सायकलींचं अंतर ठेवा, ब्रेक थोडा थोडा दाबा.

विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ लागलं की सगळ्यांनी थांबायचं, डोकी मोजायची, पाणी प्यायचं. इथून पुढे शहराची वाहतूक सुरू होते आणि फोटोच्या नादात चूक होते ती इथेच. फोटो विष्णुपुरीलाच काढून घ्या. नदी ओलांडून शहरात शिरताना रांग एकेरी.

सचखंड गुरुद्वाऱ्यात सायकलचे तंग कपडे घालून जाऊ नका. मुक्कामावर आंघोळ करा, पूर्ण कपडे घाला, डोक्याला रुमाल बांधा, पादत्राणं जोडाघरात ठेवा, पाय धुवा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८मध्ये इथेच देह ठेवला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळातली आहे. लंगरच्या पंगतीत बसल्यावर रोटी दोन्ही हातांनी घ्यायची आणि लागेल तेवढीच घ्यायची. भूक खूप असते, पण इतक्या श्रमानंतर पहिल्या ताटावर भार टाकू नका, पुन्हा वाढतात. जमलं तर भांडी घासायच्या सेवेत थोडा वेळ द्या.

परतीची सोय पोचण्याआधी लावा. सायकल रेल्वेने न्यायची तर नांदेडहूनच सुटणारी गाडी निवडा, उदाहरणार्थ मुंबईसाठी तपोवन. मधल्या स्टेशनावर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि सायकल फलाटावर राहू शकते. वंदे भारतला पार्सलचा डबाच नाही. गाडीच्या बऱ्याच आधी, शक्यतो आदल्या दिवशी, पार्सल कार्यालयात जा. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. दिवे, पंप, बाटली, मीटर काढून घ्या, हँडल आडवं वळवून बांधा, चेन आणि गिअरच्या बाजूला जाड पुठ्ठा लावा. नाव, फोन नंबर आणि दोन्ही स्टेशनांची नावं पुठ्ठ्यावर जाड शाईने लिहून दोन ठिकाणी बांधा. एक चिठ्ठी फाटतेच. पावतीचा फोटो गटातल्या दोघांकडे तरी असू द्या.

पैशांचा हिशोब नांदेडच्या मुक्कामातच मिटवा. घरी गेल्यावर तो महिनोन्महिने लोंबकळतो आणि चांगली मैत्री त्यात नासते. आणि वाटेत ज्यांनी पाणी दिलं, शाळेची खोली उघडून दिली, रात्री भाकरी थापून घातली, त्या प्रत्येकाला त्याच संध्याकाळी फोन करून सांगा की सगळे सुखरूप पोचलो. ते वाट बघत असतात.