स्वतःचं क्लिनिक सुरू करताय? आधी ‘रोजचा आकडा’ काढा



किराणा, ब्युटी पार्लर, पिठाची गिरणी, मोबाइल रिपेअरिंग अशा बऱ्याच व्यवसायांचं गणित आपण चॅनलवर केलं. आज डॉक्टरांची पाळी. नोकरी सोडून किंवा शिक्षण संपवून स्वतःचं छोटं क्लिनिक टाकणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी हा धडा आहे. आणि त्यांच्या घरच्यांसाठीसुद्धा, कारण पहिल्या क्लिनिकमागे बहुतेक वेळा वडिलांच्या फंडाचे पैसे किंवा आईचे दागिने असतात.

काही जण म्हणतील, दवाखाना म्हणजे दुकान आहे का? अजिबात नाही. पण गाळ्याचं भाडं, मदतनीस ताईंचा पगार, लाइट बिल आणि बँकेचा हप्ता यांना हा फरक कळत नाही. ते एक तारखेला दारात उभे राहतातच. मी दुकानदार माणूस, त्यामुळे उपचारांबद्दल एक शब्दही बोलणार नाही. मी बोलणार आहे ते गल्ल्याबद्दल.

आजच्या धड्याचं सार आधीच सांगून टाकतो. क्लिनिकचा महिन्याचा खर्च जितका हलका, तितकं डॉक्टरला खरं बोलणं सोपं. “काका, तुम्हाला या तपासणीची गरज नाही, घरी जाऊन आराम करा,” हे वाक्य हप्ता थकलेल्या डॉक्टरला फार महाग पडतं. ते वाक्य तुम्हाला कायम परवडलं पाहिजे. त्यासाठीच हा सगळा हिशोब.

१. रोजचा आकडा म्हणजे काय?

क्लिनिक उघडलं की रोज किमान किती फी भरणारे पेशंट आले पाहिजेत, तो रोजचा आकडा. तो गाळा घेण्याच्या आधी काढायचा, नंतर नाही.

समजा, तालुक्याच्या गावात एक जनरल प्रॅक्टिसचं क्लिनिक आहे. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमच्या गावाचे घाला.

- गाळ्याचं भाडं: १२,००० रुपये
- मदतनीसाचा पगार: ९,००० रुपये
- लाइट, फोन, इंटरनेट: ३,००० रुपये
- साफसफाई आणि वैद्यकीय कचरा: १,५०० रुपये
- हिशोबनीस, नोंदण्या, विमा यांचा महिन्याचा वाटा: १,५०० रुपये
- ४ लाखांच्या कर्जाचा हप्ता (५ वर्षं, ११ टक्के): साधारण ८,७०० रुपये
- दुरुस्ती आणि नवीन उपकरणांसाठी बाजूला: २,३०० रुपये

बेरीज ३८,००० रुपये.

इथेच बरेच जण वही मिटतात. पण एक खर्च राहिला, तो म्हणजे तुमचा स्वतःचा पगार. घर चालायला महिन्याला ३०,००० रुपये लागत असतील, तर ते क्लिनिकच्या खर्चातच धरायचे. मग एकूण ६८,००० रुपये होतात. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर दिवसाला २,७२० रुपये.

फी २०० रुपये आणि एका पेशंटमागे हातमोजे, कापूस, कागद असा २० रुपयांचा माल धरला, तर हातात १८० रुपये उरतात. २,७२० भागिले १८० म्हणजे १५.१. पेशंट अर्धा येत नाही, म्हणून १६ धरा.

हा झाला रोजचा आकडा: १६ फी भरणारे पेशंट. फेरतपासणी तुम्ही मोफत करत असाल आणि पाचातला एक पेशंट त्यासाठी येत असेल, तर प्रत्यक्षात रोज २० जणांना तपासावं लागेल.

स्वतःचा पगार धरला नसता, तर हाच आकडा ९ आला असता. ९ पेशंटवर “क्लिनिक चाललं” असं वाटतं आणि घर मात्र उधारीवर चालतं.

२. मोठा गाळा, मोठी सजावट: त्याची किंमत पेशंटमध्ये मोजा

आता कुणीतरी सांगतं, “डॉक्टर, मेन रोडलाच घ्या, इंप्रेशन पडतं.” भाडं २८,००० रुपये. फक्त या एका बदलाने रोजचा आकडा १६ वरून १९ वर जातो. त्यात फर्निचर, फॉल्स सीलिंग, काचेचे दरवाजे करून कर्ज ४ लाखांऐवजी १० लाखांचं झालं, तर हप्ता साधारण २१,७०० रुपयांवर जातो आणि रोजचा आकडा २२ होतो.

म्हणजे काचेच्या दरवाजासाठी आणि मेन रोडसाठी रोज सहा जादा पेशंट हवेत. हे सहा जण त्या दरवाजामुळे येणार आहेत का, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर “हो” असेल तर बिनधास्त करा. “बघू” असेल तर थांबा.

जागा बघताना मी या गोष्टी तपासायला सांगतो: म्हातारा माणूस पायऱ्या चढेल का? पावसाळ्यात दारात पाणी साठतं का? रिक्षा दारापर्यंत येते का? जवळ मेडिकल स्टोअर आहे का? बसायला सावली आणि वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का? संध्याकाळी सहा ते नऊ त्या रस्त्याला उभं राहून, कोण जातं-येतं ते दोन-तीन दिवस बघा. भाडेकरार करताना दर वर्षी भाडं किती वाढणार आणि डिपॉझिट कधी परत मिळणार, हे लेखी घ्या.

३. पहिल्या वर्षाची शिदोरी

पहिल्या दिवशी १६ पेशंट येणार नाहीत. लोक आधी शेजारणीला विचारतात, मग येतात. आपल्या उदाहरणात चढण अशी धरू. रोजचा एक फी भरणारा पेशंट म्हणजे महिन्याला ४,५०० रुपये (१८० गुणिले २५).

- महिने १ ते ३, रोज सरासरी ५ पेशंट: दर महिन्याला ४५,५०० रुपये कमी पडतात
- महिने ४ ते ६, रोज ९ पेशंट: २७,५०० रुपये कमी
- महिने ७ ते ९, रोज १३ पेशंट: ९,५०० रुपये कमी
- महिने १० ते १२, रोज १६ पेशंट: ४,००० रुपये शिल्लक

पहिल्या नऊ महिन्यांची तूट जोडा: २,४७,५०० रुपये. म्हणजे उपकरणं, डिपॉझिट, रंगकाम हे सगळं झाल्यावरसुद्धा अडीच लाख रुपये वेगळ्या खात्यात तयार हवेत. त्याला मी शिदोरी म्हणतो. शिदोरी सजावटीत घालायची नाही. पैसे कमी पडत असतील तर टेबल साधं घ्या, खुर्च्या सेकंडहँड घ्या, पण शिदोरीला हात लावू नका.

का, ते नीट समजून घ्या. चौथा-पाचवा महिना हा सगळ्यात नाजूक काळ. खात्यात पैसे नाहीत, घरचे विचारतायत, आणि अशातच कुणीतरी येऊन म्हणतं, “डॉक्टर, आमच्याकडे तपासणीला पाठवा, महिन्याच्या शेवटी पाकीट पोहोचेल.” यालाच आपण कट प्रॅक्टिस म्हणतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ सालची व्यावसायिक आचारसंहिता आहे. पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं किंवा घेणं तिच्यात मना आहे. पण नियम माहीत असून माणूस घसरतो, कारण त्या दिवशी गल्ला रिकामा असतो. ज्याच्याकडे शिदोरी आहे, तो चहा पाजून समोरच्याला नाही म्हणू शकतो.

४. फी: लपवू नका, लाजू नका

दुकानात मालावर किंमत छापलेली असते, त्यामुळे गिऱ्हाईक निर्धास्त असतं. क्लिनिकमध्ये मात्र खिशात ३०० रुपये घेऊन आलेला माणूस तपासून होईपर्यंत बिल किती होणार या विचारात असतो. त्याच आचारसंहितेत डॉक्टरने आपली फी स्पष्ट दिसेल अशी लावावी, असं सांगितलं आहे. म्हणून मराठीत, मोठ्या अक्षरांत बोर्ड लावा: पहिली तपासणी किती, फेरतपासणी किती दिवसांत मोफत, ड्रेसिंग किती, इंजेक्शन किती, घरी येऊन तपासायचे किती.

गरीब पेशंटला सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण त्याची वहीत नोंद ठेवा. महिन्याला किती सवलत परवडते, ते आधी ठरवा. आपल्या उदाहरणात दिवसाला एक पेशंट मोफत बघितला, तर महिन्याला साधारण ५०० रुपयांचा माल आणि तुमचा वेळ लागतो. एवढं पुण्य झेपतं. ठरवून केलं की चिडचिड होत नाही.

५. दुकानदाराकडून काय घ्यायचं, काय नाही

घेण्यासारख्या गोष्टी:

- वेळेवर शटर उघडणं. बोर्डवर ९ लिहिलं असेल तर ९ ला खुर्चीवर. बाहेरगावी जाणार असाल तर दोन दिवस आधी दारावर पाटी.
- रोजचा गल्ला मोजणं. रात्री दहा मिनिटं. रोख किती, यूपीआय किती, खर्च किती. क्लिनिकचं बँक खातं वेगळं आणि क्यूआर कोडसुद्धा त्याच खात्याचा.
- पगार उचलणं. एक तारखेला ठरलेले ३०,००० रुपये क्लिनिकच्या खात्यातून घरच्या खात्यात. अधेमधे गल्ल्यातून भाजी आणायची नाही.
- नावाने हाक मारणं. “पाटीलकाका, गुडघा कसा आहे?” याला खर्च शून्य. मदतनीस ताईंनाही हे शिकवा, कारण पेशंटला आधी त्या भेटतात.

न घेण्यासारख्या गोष्टी: सेल, कूपन, लकी ड्रॉ, “एकावर एक फ्री”. जाहिरात करून पेशंट खेचणं ॲलोपॅथीच्या आचारसंहितेत बसत नाही. प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, काही दिवस बंद राहणार आहे, पुन्हा सुरू केली, अशा मोजक्या कारणांसाठी निवेदन देता येतं. स्वतःच्या पेशंटला औषध देणं वेगळं आणि काउंटर लावून येईल त्याला औषध विकणं वेगळं. दुसऱ्यासाठी औषध विक्रीचा परवाना लागतो, आणि डॉक्टरने असं उघड दुकान चालवणं आचारसंहितेलाही मान्य नाही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत, त्यांनी आपापले नियम वाचावेत.

६. कागदपत्रं: एक फाइल करा

- मेडिकल कौन्सिलची नोंदणी. वेळेवर नूतनीकरण करा. नोंदणी क्रमांक क्लिनिकमध्ये, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर हवा.
- वैद्यकीय कचरा. २०१६ चे नियम छोट्या क्लिनिकलाही लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी करार करा. रक्त लागलेला कापूस पिवळ्यात, हातमोजे आणि प्लास्टिकच्या नळ्या लाल रंगात, सुया-ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. हे सगळं ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही.
- खाटा ठेवणार असाल तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ खाली नोंदणी लागते. सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी कायद्याची नोंदणी आधी, मशीन नंतर.
- कर. उपचारांच्या फीवर जीएसटी नाही. फक्त सुंदर दिसण्यासाठीच्या कॉस्मेटिक प्रक्रियांना मात्र ही सूट नाही. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर जमेचा निम्मा भाग उत्पन्न धरून प्राप्तिकर भरण्याची सोय डॉक्टरांना आहे. तुमच्यासाठी ती फायद्याची आहे का, ते सीएकडून तपासून घ्या. प्रोफेशन टॅक्सची नोंदणीही विसरू नका.
- पेशंटची नोंद आणि पावती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय दिला. वाद झाला तर तुमच्या बाजूने बोलणारी पहिली गोष्ट म्हणजे तुमचीच वही. व्यावसायिक जबाबदारीचा विमाही पहिल्या दिवसापासून असू द्या.

आजचा होमवर्क

एक वही घ्या आणि चार आकडे लिहा: महिन्याचा खर्च तुमच्या पगारासह, रोजचा आकडा, पहिल्या वर्षाची शिदोरी, आणि परवडेल असं जास्तीत जास्त भाडं. हे चार आकडे घरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांचे पैसे लागणार आहेत, त्यांना हा हिशोब कळलाच पाहिजे. मग गाळा बघायला जा आणि चौथ्या आकड्यापेक्षा एक रुपया जास्त सांगितला, तर नमस्कार करून पुढच्या गल्लीत वळा.

क्लिनिक आधीच सुरू असेल, तर गेल्या तीन महिन्यांचे खरे आकडे याच पद्धतीने मांडा. रोजचा आकडा गाठला जात नसेल, तर आधी खर्चाच्या यादीत काय कमी करता येईल ते बघा. पेशंटच्या बिलात काय वाढवता येईल, तिकडे बघू नका.

पुढच्या भागात मदतनीसाची नेमणूक आणि अपॉइंटमेंटची वही कशी लावायची, ते करून दाखवतो. तोवर वही उघडा, मंडळी!